शाईचं बोट

प्रोड्रोमॉस बेटावर आला तो एवढं एक काम उरकून संध्याकाळच्या बोटीनं परत जायला. दोस्त अनेस्टिसला पुरून तीन वर्षं झाली होती. रीतीप्रमाणे हाडं वर काढायची, वाइननं धुवायची, पेटीत ठेवायची. पेटीत ठेवायला यांचं छापलेलं पुस्तक घेऊन या, असा अनेस्टिसच्या बायकोचा, एव्हांथियाचा, निरोप होता.

दोघं दोस्त जन्मभर जुन्या ग्रीक भाषेचे अभ्यासक. एका फाटक्या प्राचीन नाटकातल्या हरवलेल्या ओळी अनेस्टिसनं वीस वर्षं खपून जुळवल्या आणि मरताना वही दोस्ताच्या हाती दिली. दोघांच्या नावानं छाप, म्हणाला. प्रोड्रोमॉसनं छापली, एकट्याच्या नावानं. अथेन्समध्ये त्याचा केवढा मान झाला!

कबरस्तानात भर दुपार. वारा पडलेला, सरूचं पान हलत नव्हतं. उकरलेल्या मातीचा वास आणि वाइनचा आंबूस वास एकात एक मिसळलेला. बायका हाडं धूत होत्या. एव्हांथियाला अक्षरओळख नव्हती. तिनं पुस्तकावरून हळूच हात फिरवला.

"भावोजी, यांचं नाव कुठंय?"

प्रोड्रोमॉसनं बोट ठेवलं. स्वतःच्या नावावर.

तिनं वाकून त्या नावाला ओठ टेकले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं त्याला. त्यानं पुस्तक मिटलं.

तेवढ्यात एक म्हातारी पुटपुटली, "उजव्या हाताचं हे बोट निळंच राहतंय गं…"

"जिवंतपणी तरी कुठं धड अंघोळ करायचा," दुसरी म्हणाली. कुणी हसलं नाही. हाड स्वच्छ निघालं नाही तर जीव कशात तरी अडकलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही धुवा भावोजी," एव्हांथिया म्हणाली. "तुमच्यावर जीव होता त्यांचा."

त्यानं ते बोट घासलं. हाड पांढरंशुभ्र झालं. बायकांनी क्रुसाची खूण केली. पण वाडग्यातली वाइन होती तशीच लाल… निळा थेंबसुद्धा नाही.

मग एव्हांथियानं मयताच्या नावानं उकडलेला गोड गहू वाटला. त्यानं हात पुढं केला आणि तिची नजर त्याच्या बोटावर थांबली.

"शाई लागली वाटतं," ती हळूच म्हणाली. "यांच्याही इथंच असायची…"

अथेन्सला परतल्यावर साबण, लिंबू, वाळू, सगळं करून झालं. डाग जात नाही, वाळतही नाही. आणि रोज सकाळी त्याच्या उशीच्या अभ्र्यावर अनेस्टिसचं नाव उमटलेलं असतं, त्याच्याच अक्षरात.