अकराच्या आधीची पंधरा मिनिटं

त्या दिवशी दार मी उघडायलाच नको होतं. पण धाकटीचा ऑनलाइन वर्ग चालू होता, बाबा मागे झाडांना पाणी घालत होते, आणि नुकतीच न्हाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळलेली मी जिन्यात सापडले. बेल दुसऱ्यांदा वाजली. म्हटलं, कुरिअर असेल. उघडलं तर—उंच, सावळा, खांद्याला बॅग आणि हातात तीन पांढऱ्या डब्या.

"इंटरनेटची तक्रार होती ना?" असं म्हणून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातल्या डब्या हळूच मागे घेतल्या. "जरा... केसांतलं पाणी पडतंय यांच्यावर."

टॉवेल सुटला होता. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्याच क्षणी ठरवलं, पुन्हा या माणसासमोर अशा अवतारात जायचं नाही. पुढचं सगळं रामायण त्या निश्चयामुळे घडलं, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या घराच्या भिंती हातभर जाड. दिवाणखान्यातलं वाय-फाय मागच्या खोल्यांपर्यंत पोचेस्तोवर धापा टाकायचं. खाली मागच्या खोलीत माझी धाकटी बहीण परदेशी भाषा शिकवते, आणि तिच्या अगदी वरच्या खोलीत मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. त्याचा उपाय म्हणजे त्या डब्या. एक दिवाणखान्यात राउटरशेजारी, एक धाकटीकडे, एक माझ्याकडे. थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायच्या, बटणं दाबून एकमेकींची ओळख करून द्यायची, की इंटरनेट विजेच्या तारांमधूनच खोल्याखोल्यांत पोचतं.

"मग इंटरनेटला शॉक बसत नाही का?" बाबांनी विचारलं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव डबीवाला.

"मी खाली बटण दाबतो," तो मला म्हणाला. "दोन मिनिटांत तुम्ही वर दाबायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"आणि नाही चुकलं तर?"

"तर दिवा हिरवा होतो," तो हसला. डाव्या गालावर खळी पडत होती... एकाच गालावर.

दिवा हिरवा झाला. तो वर येऊन बघून गेला आणि जाता जाता म्हणाला, "जमलं, ताई."

ताई! धाकटी मला ताई म्हणते म्हणून याने पण सुरू केलं. आणि धाकटीला मात्र मॅडम, कारण कनेक्शन तिच्या नावावर. फोन तिला, मेसेज तिला, "उद्या अकराला तपासायला येतो" हे सांगणं तिला. मला फक्त ताई.

दुसऱ्या दिवशी अकराला तो आला तर धाकटी दारातच. "अहो, आत्ता दहा-पंधरा मिनिटं बंद पडलं होतं! वर्ग बुडाला माझा. आणि तुमची बेल वाजायच्या आत आपोआप सुरू. तुमचा पायगुणच चांगला दिसतोय!"

मी वरच्या पायरीवर, छान केस मोकळे सोडून उभी. त्याने वर पाहिलं, तोंड उघडलं... आणि धाकटी त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली.

तिसऱ्या फेरीला तेच, चौथीलाही तेच. तो येणार म्हटलं की कनेक्शन आधी मान टाकणार, आणि तो आला की टुणकन उठून बसणार. दोष समोर दिसत नाही म्हणून तो धाकटीच्या खोलीत खुर्ची टाकून तासतासभर वाट बघत बसायचा. खालून तिचं हसणं ऐकू यायचं. धाकटीचं हसणं म्हणजे एखाद्याने भांड्यांची मांडणी पाडावी तसं, पण पुरुषांना ते गोड वाटतं म्हणे.

माझ्या पोटात दुखायला लागलं. सरळच सांगते, जळत होते मी. सख्ख्या बहिणीवर, जिला मी स्वतः वेण्या घालून शाळेत सोडलं होतं, तिच्यावर. मला तर खात्रीच झाली, हीच मुद्दाम काहीतरी बंद पाडते. मी खाली जाणंच सोडलं. तो आला की वर बसून चित्र काढायचं. त्या आठवड्यात एका लबाड कोल्हिणीचं चित्र चालू होतं. तिचं नाक हळूहळू धाकटीसारखं झालं, मग डोळेही. संपादकबाईंनी कळवलं, "कोल्हीण फार देखणी झाली आहे, जरा कमी करा."

तरीही तो यायच्या आधी नटणं काही सुटलं नाही. दिसायचं नाही आणि नटायचं मात्र, असला माझा कारभार.

पाचव्या फेरीला त्याचा आवाज जिन्यापर्यंत आला.

"मॅडम, आज शेवटची फेरी. एकाच तक्रारीवर पाचपेक्षा जास्त वेळा आम्हाला पाठवत नाहीत. सुटलं तर तक्रार बंद. नाही सुटलं तर वरचे साहेब येतील, डब्या काढून भिंतीतून केबल नेतील."

म्हणजे सुटलं तरी हा येणार नाही, आणि नाही सुटलं तरी येणार नाही. कधी नव्हे ती मी धडधडत खाली उतरले.

टेबलावर एक कागद होता. "राउटरमधली नोंद काढली," तो धाकटीला दाखवत होता. "कनेक्शन गेलं ते फक्त मी आलो त्या दिवशी. दरवेळी पावणेअकरा ते अकरा. बाकीच्या दिवशी एकदाही नाही. जुन्या मोटरचं काही याच तारेवर चालू झालं की असं होतं. मोटरचा गोंगाट तारेत उतरतो आणि डब्यांना एकमेकींचं ऐकू येत नाही." तो थांबला. "मला एवढंच कळत नाही, या घरात असं काय आहे, जे फक्त मी येणार असलो की चालू होतं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांकडे. मग दोन्ही हात तोंडावर दाबले, तरी भांड्यांची मांडणी कोसळलीच.

मलाही त्याच क्षणी समजलं. माझा हेअर ड्रायर! आईच्या वेळचा, ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा. कमरेपर्यंत केस, वाळायला बरोबर पंधरा मिनिटं. मी आरशापुढे आणि माझ्या पाठीमागे ती डबी लाल होऊन बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याला धाकटीच्या खोलीत दरवेळी कोण पाठवत होतं, तर मीच.

"ताईलाच विचारा," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "आणि ताई, माझे पंधरा विद्यार्थी दरवेळी तोंड उघडं टाकून थिजतात, रडकुंडीला आलेय मी. आता सांगून टाक."

"मिक्सर असेल," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, कागदाची घडी केली, बॅगेची चेन ओढायला घेतली. अर्धी ओढली...

"वर या," मी म्हणाले. "दाखवते."

वर तो माझ्या डबीसमोर उकिडवा बसला आणि मी ड्रायर चालू केला. हिरवा दिवा लाल झाला. खालून धाकटी ओरडली, "गेलं!" मी बंद केला. थोड्या वेळाने, "आलं!"

त्याने फॉर्म काढला. "दोषाचं कारण... हेअर ड्रायर." पेन तसंच धरून ठेवलं. "पण तो माझ्याच दिवशी का चालतो, ताई, ते..."

"आधी ते ताई बंद करा!" माझा बांध फुटला. "कारण पहिल्या दिवशी तुम्ही मला भिजलेल्या मांजरीसारखी पाहिलंत. कारण तुम्ही मला आवडता. आणि तुम्ही येऊन तासभर खाली बसता, म्हणून मला माझ्या बहिणीचा राग येतो, इतका की मी तिला कोल्हीण करून टाकलंय. लिहा सगळं. रकाना पुरत नसेल तर मागच्या बाजूला लिहा."

त्याने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता तो उठून जाणार.

"त्या खोलीत खुर्ची कुठे ठेवायचो, पाहिलंय कधी?" त्याने विचारलं. कान लाल झाले होते त्याचे.

"मी खाली येतच नव्हते."

"तेच ना. दाराजवळ ठेवायचो. तिथून जिना दिसतो. मॅडमना दरवेळी विचारायचो, वरती पण बंद पडतं का, वर जाऊन बघू का... त्या म्हणायच्या, तुम्हीच विचारा, आणि हसत सुटायच्या. वाटायचं, आज तरी उतरतील. तासभर थांबायचो. तीन फेऱ्या."

म्हणजे खालून जे हसणं ऐकून मी जळत होते, ते... मी नुसतीच ड्रायरची वायर गुंडाळत बसले.

"फॉर्मवर मॅडमची सही लागेल," तो उठला.

बघा! इतकं सगळं झालं तरी त्या सहीचाही मला हेवा वाटला. तो जिना उतरला. खाली कागद फडफडला, धाकटी काहीतरी पुटपुटली, बाहेरचं दार उघडलं आणि लागलं. मी श्वास धरून होते. गेला? मग बेल वाजली. बाबांच्या सपाता, बाबांचा आवाज, "अरे, आता काय राहिलं?" आणि पायऱ्यांवर त्याची पावलं.

तो माझ्या दारात उभा राहिला. खांद्यावर बॅग नव्हती, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्रही नव्हतं.

"बॅग विसरलात?" मी विचारलं.

"नाही. तक्रार बंद झाली. आता मला कुणी पाठवलेलं नाही." त्याने खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. "बसू का?"

मी खुर्चीवरची चित्रं उचलली, कोल्हीण सगळ्यात खाली घातली, आणि दार लोटून घेतलं. अर्धंच... बाबा खाली होते ना.