तिसऱ्या माइकवर

माझं काम लोकांना सांगितलं की ते हसतात, म्हणून मी सांगत नाही. दिल्लीतल्या एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून मी श्वास मोजतो. नौदलाची नवी हेलिकॉप्टरं आणि त्यांवरची शस्त्रं उडवून तपासणारी एक तुकडी पश्चिम किनाऱ्यावर आहे. उड्डाणात प्रत्येकाच्या हेल्मेटमधला माइक सतत चालू असतो. ती रेकॉर्डिंग्ज दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात. कोण काय बोललं ते मी सेकंदासकट लिहितो आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाचे मिनिटाला श्वास किती, ते भरतो. तोंडाने माणूस ‘ऑल ओके’ म्हणतो, पण घाबरला असेल तर ते श्वासात कळतं. एकोणतीस वर्षं हेच करतोय.

डिसेंबरात सुरू झालेल्या चाचण्यांत दोघंच उडत होते. वैमानिक कमांडर शार्दूल, आणि चाचणी अभियंता लेफ्टनंट कमांडर केतकी, म्हणजे आमची मुलगी. बापाने लेकीचे श्वास मोजावेत का, हा प्रश्न ऑफिसात कुणाला पडला नाही. माझा रकाना कुणी वाचतं यावर माझा तसाही विश्वास नाही. मी तिचे श्वास दोनदा मोजायचो. मिनिटाला सोळा. लहानपणी तापात अठ्ठावीस व्हायचे, तेही मीच मोजलेले.

तिसरा माइक मागच्या सीटचा. पण या चाचण्यांसाठी ती सीट काढून तिथे मोजमापाच्या यंत्रांचा डबा बसवला होता. म्हणजे तिसरा ट्रॅक कोरा हवा. तो कोरा नव्हता.

श्वास होता. सोडताना शेवटी बारीक शिटी, मग क्षणभर थांबणं, मग आवंढा. मी तुकडीला फोन केला. तिथला टेक्निशियन म्हणाला की तिसऱ्या वायरला माइकच जोडलेला नाही, टोकाला टेप गुंडाळलाय. मी हेडफोन बदलले, कॉम्प्युटर बदलला, शेवटी दार लावून घेतलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. ती शिटी मी ओळखत होतो. अलकाचा दमा एकतीस वर्षं माझ्या शेजारी झोपतोय.

अलका माझी बायको. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची, दम्यापायी नोकरी सोडली. हिवाळ्यात दिल्लीचा धूर उतरला की आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये पलंग ते स्वयंपाकघर एवढाच तिचा प्रवास, तोही हातात पंप घेऊन. उड्डाणांचं वेळापत्रक माझ्याकडे येतं, पण मी ते घरी कधी बोललेलो नाही. केतकीलाही फोनवर सांगायची परवानगी नाही.

रिपोर्टात मी लिहिलं : तिसरा ट्रॅक कोरा. नोकरीतलं माझं पहिलं खोटं.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात एका उड्डाणाच्या दिवशी मी रजा टाकली. अलका खिडकीशी मेथी निवडत बसली होती. खोली इतकी गार की बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती. अकराला उड्डाण. अकरा वाजून दोन मिनिटांनी तिची शिटी थांबली. आधी मला बरंच वाटलं. मग मी तिच्या पदराकडे बघत राहिलो. तो हलत नव्हता. बोटं मात्र मेथी खुडत होती, पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या. मी चष्मा काढून तिच्या नाकाशी धरला. काचेवर काही उमटलं नाही.

अकरा बावन्नला उड्डाण संपायचं होतं. त्रेपन्नला तिने खोल श्वास घेतला, खोकली, पंप मागितला.

मी विचारलं, “कुठे होतीस?”

“इथेच. मेथी दिसत नाही का?” मग काड्या पेपरात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “मागे बसलं की फार हलतं हो.”

अलका आयुष्यात हेलिकॉप्टरमध्ये बसलेली नाही.

पुढच्या खेपेला उड्डाण उतरल्यावर तिचा श्वास यायला चार मिनिटं लागली. त्याच्या पुढच्या खेपेला अकरा. मी घड्याळ लावून मोजत होतो, दुसरं काही मला येतही नाही. आणि आता मुख्य चाचणी उरली होती : समुद्रावर अगदी खाली, एका जागी तरंगत टॉर्पेडो सोडायचा. एवढं वजन एका बाजूने सुटताना जरा चूक झाली, तर सावरायला खाली जागा नाही. खरा रिपोर्ट दिला आणि कुणी वाचला, तर उड्डाण थांबलं असतं, पण ते किती दिवस? बिघाड सापडत नाही म्हणून पुढे कुणीतरी तो रकाना खोडला असता, आणि केतकी उडालीच असती. मी अलकालाच अडवायचं ठरवलं. जेवताना म्हटलं, या वेळी जाऊ नकोस, परत येताना तुला फार वेळ लागतोय.

तिने नाकारलं नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. आमटी वाढली.

“तुम्ही केतकीला थांबवू शकता?”

मी भात कालवत राहिलो.

“मग मला का थांबवता?”

मुख्य चाचणीच्या दिवशी साडेदहाला मी तिच्या शेजारी बसलो आणि हात हातात घेतला. लग्नानंतर इतका वेळ कधी धरला नसेल. दहा बत्तीसला शिटी थांबली. हात उबदार होता.

अकरा सातला तिने माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली.

मग पकड सैल झाली.

साडेअकराला उड्डाण उतरणार होतं.

परवानगी मोडून बाराला केतकीचा फोन आला. “बाबा, सगळं ठीक. थोडं हललं, बस. आईला सांगा.”

मी आईला सांगितलं. तिने डोळे पुसले आणि उठून कुकर लावला.

साडेबारा झाले. एक वाजला. पदर हलला नाही.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग आलं. अकरा सातला टॉर्पेडोची पुढची पकड सुटली, मागची अडकली. हेलिकॉप्टर कलंडलं. शार्दूलचा आवाज : “गया.” केतकीचे श्वास मिनिटाला चाळीस. तिसऱ्या ट्रॅकवर एक खोल श्वास आत गेला आणि तिथेच थांबला. नऊ सेकंद हेलिकॉप्टर त्या कलात अडून राहिलं. आकड्यांप्रमाणे ते उलटायला हवं होतं. मग टॉर्पेडो सुटला आणि ते हळूहळू सरळ झालं.

तिसरा ट्रॅक मी शेवटपर्यंत ऐकला. आत घेतलेला तो श्वास बाहेर सोडल्याचा आवाज त्यात नाही. पुढच्या उड्डाणांच्या तिसऱ्या ट्रॅकवर काहीच नाही.

अलका घरी आहे. स्वयंपाक करते, पेपर वाचते, माझ्यावर चिडते. बोलायला हवा लागते हे मलाही कळतं. ती बोलते, एवढंच मी सांगू शकतो. पंप औषधांच्या डब्यात तसाच पडून आहे. डॉक्टरांची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. सकाळी आम्ही पार्कात फिरायला जातो. धुक्यात सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत असतात, म्हणून मी तिला नाकापर्यंत मफलर बांधून देतो. कुणाच्या लक्षात आलं आणि तिला कुणी माझ्यापासून घेऊन गेलं, तर? मला फार भीती वाटते. शेजारच्या कुमुदताई परवा म्हणाल्या, या हवेत आमचे हाल आहेत आणि तुमच्या मिसेस बघा कशा टवटवीत.

जानेवारीच्या शेवटी केतकी रजेवर आली. दुपारच्या उन्हात आम्ही तिघं बाल्कनीत संत्री खात बसलो होतो. समोरच्या बांधकामावरून वारं आलं आणि केतकी डोळा चोळायला लागली. एवढी मोठी अधिकारी, पण लहानपणासारखी आईच्या गुडघ्याशी सरकली आणि तोंड वर केलं.

“आई, डोळ्यात काहीतरी गेलंय यार. फूंक मार ना.”

अलकाने तिची हनुवटी धरली. अंगठ्याने पापणी अलगद वर केली. ओठांचा चंबू केला आणि तशीच थांबली, बराच वेळ.

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “अहो, फुंकर तुम्ही घाला.”