चौथ्याचा श्वास

गुनवोर त्या दिवशी ओडमुंडकडे गेली ती नाकातली नळी बदलायला आणि तो गोळ्या वेळेवर घेतो की नाही ते बघायला. एवढंच काम होतं. उत्तर ध्रुवाजवळचा किनारा, डिसेंबरचा महिना. नोव्हेंबरात डोंगरामागे गेलेला सूर्य आता जानेवारीतच यायचा होता. भरदुपारी मोटारीचे दिवे लावून ती खाडीच्या काठाकाठाने निघाली. वारा सकाळपासूनच वाढत चालला होता.

ओडमुंडचं घर वस्तीच्या टोकाला, बंद पडलेल्या खाणीच्या वाटेवर होतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने त्याच खाणीत काढली होती. दगडाच्या धुळीने त्याची फुप्फुसं राठ करून टाकली होती, आणि आता भिंतीशी घरघरणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनवर त्याचा दिवस चालायचा. बायको सिग्ने गेल्यापासून घरात तो आणि ती घरघर, दोघंच. घरोघरी येणाऱ्या नर्सांपैकी गुनवोरवर त्याचा जीव होता, कारण ती त्याचं ऐकून घ्यायची नाही.

“आलीस? मला वाटलं... वाऱ्यानं उडून रशियात पडलीस.” दोन-तीन शब्दांनंतर त्याला थांबावं लागायचं.

“माझं वजन बघता वाऱ्याला दोन खेपा कराव्या लागतील. बोट द्या इकडे.”

तिने त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा त्याच्या मानाने ठीक होता. तिने नळी बदलली, नाकाच्या कडेला पडलेला लाल व्रण पुसून मलम लावलं, स्टेथोस्कोप पाठीला टेकवून खालपासून वरपर्यंत ऐकलं. कोरड्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा आवाज, नेहमीचाच. मग तिने कॉफी ओतली आणि त्याच क्षणी दिवे गेले.

मशीनची घरघर थांबली. इतकी वर्षं चाललेला तो आवाज गेला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. बाहेर वारा छपराचा पत्रा उचलून आपटत होता.

मेणबत्ती लावायची सोय नव्हती. जिथं ऑक्सिजन चालू आहे तिथं ज्योत नाही, हे ती प्रत्येक घरात बजावत आली होती. लाकडाची शेगडी पलीकडच्या खोलीत पेटलेली होती. मधलं दार तिने घट्ट लावून घेतलं. फोनचा दिवा लावून कोपऱ्यातला सिलिंडर ओढला, नळी जोडली. काटा जवळजवळ तळाला होता. मागच्या आठवड्यातही वीज गेली होती. सिलिंडर तेव्हाच बराचसा संपला होता.

हॉस्पिटलमधली बाई फोनवर शांतपणे म्हणाली, “घाटातला रस्ता बर्फानं बुजलाय. हेलिकॉप्टर या वाऱ्यात उठणार नाही. आम्ही बोट पाठवतो.”

“कधीपर्यंत?”

“वेळ लागेल, गुनवोर.”

तिने त्याला टेबलाशी बसवलं. पुढे उशा रचल्या, त्यावर दोन्ही हात टेकवले, पाय जमिनीवर सपाट ठेवले. खिडकी बोटभर उघडली. गार वारा चेहऱ्यावर आला की गुदमरल्याची भावना थोडी कमी होते. मग ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

“नाकानं घ्या. आता ओठ आवळून सोडा. गरम कॉफीवर फुंकर घालता तशी. हळू.”

थोडा वेळ त्याला जमलं. मग फोनची बॅटरी उतरत आली. बोटीचा निरोप यायचा होता म्हणून तिने दिवा विझवला आणि खोलीत मिट्ट काळोख झाला. राखेचा, ओल्या लोकरीचा आणि म्हाताऱ्या माणसाच्या घामाचा वास तेवढा उरला. ओडमुंड उठायला धडपडू लागला.

“मला... बाहेर... दार उघड.”

“बसा. मी आहे इथं.”

“हवा नाही... इथं हवा नाही...”

त्याने नळी ओढून काढली. तिने पुन्हा बसवली. त्याचे श्वास आता एकमेकांवर आपटत होते, आत जाणारा पुरता जायच्या आत बाहेरचा सुटत होता. ती मोठ्याने मोजू लागली, पण तिचाच आवाज कापत होता, आणि घाबरलेल्याला घाबरलेला आवाज काय आधार देणार? तेवढ्यात सिलिंडरची फुसफुस बारीक होत गेली आणि बंद पडली.

त्या शांततेत तिला ते ऐकू आलं.

खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं. ओडमुंड नव्हे, त्याची तडफड तर तिच्या हाताखालीच चालली होती. ती स्वतःही नव्हे, तिने तर श्वास रोखून धरला होता. टेबलाच्या पलीकडे, भिंतीशी, सिग्नेची रिकामी खुर्ची होती. आवाज तिथूनच येत होता. संथ, खोल, पुरता आत जाणारा. मग थोडा खंड. मग लांबलचक सुटणारा.

गुनवोरच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिने चाचपडत फोन शोधला, दिवा लावला. खुर्ची रिकामी होती. गादीवर खळगासुद्धा नव्हता. दिव्याच्या उजेडातही तो श्वास चालूच होता.

“ओडमुंड...” ती कुजबुजली, “तुम्हाला... ऐकू येतंय?”

त्याची मान हलली. डोळे त्या खुर्चीवर होते, आणि आता त्यांत भीती नव्हती.

“गप्प... त्याच्याबरोबर... घे.”

तिने दिवा विझवला. का, ते तिला सांगता आलं नसतं. तळव्याखाली त्याची पाठ होती. ती पाठ हळूहळू त्या संथ लयीला धरू लागली. आधी एक श्वास चुकला, मग दुसरा अर्ध्यावर जुळला, मग पाचोळ्याचा तो आवाज लांबत गेला, सैल होत गेला. काही वेळाने गुनवोरच्या लक्षात आलं की आपणही त्याच लयीत श्वास घेतोय. पळून जावं असं वाटत होतं. हात मात्र तिने काढला नाही.

बोटीचा भोंगा ऐकू आला तेव्हा ते तिघं, निदान तिला तरी तसंच वाटत होतं, एकाच तालात श्वास घेत बसले होते. दाराशी बूट वाजले आणि भिंतीकडचा आवाज थांबला.

बोटीवरच्या डॉक्टरबाईंनी ताजा सिलिंडर जोडला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा बराच खाली होता, पण त्या चक्रावून गुनवोरकडे बघत राहिल्या. “एवढ्या कमी ऑक्सिजनवर हा इतका शांत? काय केलंस तू?”

“मी काही नाही केलं,” गुनवोर म्हणाली. ते खरंच होतं.

त्याला स्ट्रेचरवरून दाराबाहेर काढत असतानाच दिवे आले आणि मशीन घरघरायला लागलं.

“आता आलंय शहाणं,” ओडमुंड मास्कमधून पुटपुटला.

आठवडाभरात तो चांगला सावरला. गुनवोर शहरातल्या हॉस्पिटलात त्याला भेटायला गेली तेव्हा तो पलंगावर टेकून बसला होता आणि जेवणातले माशाचे गोळे रबरासारखे असल्याची तक्रार चालली होती. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा दगड उतरावा तसं तिला झालं होतं. मग तिने आवाज खाली आणून विचारलं.

“त्या दिवशी... सिग्ने होत्या का त्या?”

“सिग्ने? ती घोरायची. आरा मशीन परवडलं.” त्याने मान हलवली. “खाणीत एकदा छत कोसळलं. आत आम्ही तिघं होतो, मी, एदविन आणि तोर्लाइफ. दिवे गेले. हवा थोडी, आणि आम्ही कुत्र्यासारखे धापा टाकतोय. मग कुणीतरी सावकाश श्वास घ्यायला लागलं. मला वाटलं एदविन, त्याला वाटलं तोर्लाइफ. आम्ही मुकाट्यानं त्याच्या मागोमाग घेत गेलो, म्हणून बाहेर काढेपर्यंत हवा पुरली.”

“आणि तो एदविन नव्हता.”

“तिघांपैकी कुणीच नव्हता. चौथा होता.” त्याने ब्लँकेट सारखं केलं. “भला आहे, जे काय आहे ते. पण एक सांगू? खाणीतल्या त्या दिवशी तो मला आधीच ऐकू आला होता. सकाळी डबा खाताना. छत तेव्हा शाबूत होतं.”

तेवढ्यात नर्स गोळ्या घेऊन आली, ओडमुंडने तिलाही माशाच्या गोळ्यांबद्दल सुनावलं, आणि गुनवोर त्याचा हात दाबून निघाली.

परतताना तिला फार हलकं वाटत होतं. वारा पडला होता, आभाळात ध्रुवप्रकाशाचा हिरवट उजेड हलत होता. ती गुणगुणतच समुद्राखालच्या बोगद्याच्या उतारापर्यंत आली. समोर पिवळ्या दिव्यांची रांग जमिनीच्या पोटात उतरत गेलेली दिसत होती.

तिच्या बाजूची काच स्वच्छ होती. शेजारच्या रिकाम्या सीटसमोर मात्र वाफेचा एक गोल उमटला होता. तो हळूहळू विरला. मग थोडा खंड. मग पुन्हा उमटला.

गुनवोरने गाडी बोगद्याच्या तोंडाशी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.