येथील क्षेम

वैशाखातल्या त्या पहाटे रुद्रकड्याच्या तटावरून खाली पाहणाऱ्याला सूर्याआधी दिसे तो खानाच्या छावणीतल्या चुलींचा धूर, साऱ्या डोंगराला वेढून राहिलेला. आणि तटाच्या आत, ज्या टाक्याच्या भरवशावर दोनशे ऐंशी माणसे दोन महिने वेढा सोशीत होती, त्या टाक्याच्या तळाशी उतरून चिटणीस विसाजी रंगनाथ यांच्या पत्नी सगुणाबाई वाटीने पाणी खरवडून घागरीत भरत होत्या. वाटी दगडाला घासल्याचा आवाज वर उभ्या विसाजीपंतांना ऐकवेना. पाणी पुरते तीन दिवसांचे उरले होते.

कुमक मागणारे तीन खलिते आजवर सरलष्कर धारराव मोकाश्यांच्या गोटाकडे गेले होते, आणि तिन्ही पोचलेही होते. उत्तर मात्र प्रत्येक वेळी एकच आले: गडाचे क्षेम वाचून संतोष जाहला, पाऊसकाळ सरताच येतो. पाऊसकाळ सरेपर्यंत गडावर उत्तर वाचायला कोण उरणार होते?

"संतोष होणारच," सगुणाबाई वर येऊन म्हणाल्या. "पहिल्याच ओळीत 'येथील क्षेम' लिहिता. खालची ओळ कोण वाचतो? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही कुठली रीत?"

पंतांना ते वर्मी लागले, कारण ते खरे होते. किल्लेदार नागोजीराव चार पिढ्यांचे गडकरी. गडकऱ्याने गाऱ्हाणे गाऊ नये, ही त्यांच्या घराण्याची आण. शिवाय कागद खानाच्या हाती लागला तर गडाची दुबळी बाजू त्याला आयती कळायची, ही त्यांची शंकाही खोटी नव्हती. म्हणून पंतांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते ते असे, की जलाची किंचित न्यूनता आहे, तथापि स्वामींच्या पुण्यप्रतापे चिंता नसावी.

त्या सकाळी पंतांनी सदरेवर जाऊन प्रथमच धन्याला उलट शब्द केला. पाणी तीन दिवसांचे आहे एवढेच लिहू द्यावे, अशी विनवणी केली. नागोजीरावांनी ती ऐकून घेतली, पण चौथा खलिताही मागल्याच धाटणीचा लिहवून घेतला आणि त्यावर शिक्का केला. शेवटचा जासूद आदल्या आठवड्यात तटावर लढताना पडला होता, तेव्हा खलिता मीच नेतो, असे पंत म्हणाले. पन्नाशीतल्या लेखणीबहाद्दराकडे रावांनी क्षणभर पाहिले आणि मानेने होकार दिला.

निघताना सगुणाबाईंनी त्यांना वाटीभर पाणी दिले. तुम्ही प्यालात का, असे पंतांनी विचारले. "प्याले," त्या म्हणाल्या, आणि पंतांनी विश्वास ठेवला.

भर दुपारी, खानाचे पहारेकरी आंब्याच्या सावलीला पेंगत असताना, पंत दोराने कडा उतरले. तळहात सोलून निघाले. दोन दिवस आडरानातून, बहुतेक अनवाणी, चालत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गोटात पोचले, तेव्हा त्यांच्याकडे पाहून कुणी चिटणीस म्हटले नसते.

धाररावांनी खलिता मागितला. तो द्यावा तर पुन्हा संतोष होणार, आणि न द्यावा तर धन्याशी हरामखोरी. पंतांनी खलिता काढून समोर ठेवला आणि त्यावर रक्ताळलेला हात ठेवला.

"सरकार, हा वाचू नये. यात क्षेम लिहिले आहे. गडावर क्षेम नाही."

सदर चमकली. किल्लेदाराचा शिक्का एक सांगतो आणि हा फाटका माणूस दुसरेच. खानाने फौज सापळ्यात ओढायला पाठवलेला भेदी नसेल कशावरून, असे धाररावांच्या दिवाणांनी बोलून दाखवले. पंतांनी बोरू आणि कागद मागितला. दुखऱ्या बोटांनी त्यांनी पहिल्या खलित्याचा मायना मुखोद्गत लिहून काढला. दिवाणांनी दप्तरातला मूळ कागद शेजारी धरला. वळण तेच, वेलांटी तीच.

"चारही खलिते माझ्या हातचे," पंत म्हणाले. "अक्षर सुंदर आहे, सरकार. मजकूर माझ्याने खरा लिहवला नाही, हा अपराध माझा. शिक्षा मागाहून द्यावी."

धारराव पुढे झुकले. "पाणी किती?"

"आजची रात्र."

"उभे राहू शकतील अशी माणसे?"

"नव्वद."

"खानाची फळी पातळ कुठे?"

"उत्तरेला, ओढ्याच्या काठी. तिथे तोफ नाही."

दोन महिन्यांत चार कागदांनी जे केले नाही, ते तीन उत्तरांनी केले. घटका सरायच्या आत घोड्यांवर खोगिरे चढली, आणि पंतांनाही एका घोड्यावर बसवून घेतले.

चौथ्या दिवशी सूर्य कासराभर वर येताना ओढ्याच्या काठची फळी फुटली. खान हटला. भरल्या पखाली घेऊन फौज गडावर चढली, तेव्हा दरवाजा उघडायला आतून सहा माणसे लागली, एरवी त्याला दोन पुरत.

नागोजीराव सदरेवर नव्हते, टाक्याच्या काठी बसले होते. खलिता वाचू न दिल्याचे पंतांनी कबूल केले. रावांनी डोक्यावरची पगडी काढून बाजूला ठेवली. "बाई दोन दिवस आपला वाटा जखमींना देत होत्या. कुणाला कळू दिलं नाही. काल दुपारी... पंत, तुमचा पहिला शब्द मी ऐकायला हवा होता."

पंत रडले नाहीत. रडायला अंगात ओल लागते, आणि ती त्यांच्यात उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना पत्र लिहायला घेतले. तीस वर्षांच्या सवयीने बोरू आपसूक चालला: येथील क्षेम. तिथे तो थांबला. पंतांनी ते दोन शब्द खोडले, आणि आयुष्यात प्रथमच खाडाखोड असलेला कागद तसाच पुढे लिहिला.

सगुणा गेली. गडावर पाणी नव्हते. मी ते वेळेवर सांगितले नाही.