वीतभर फट

खर्र... थांबून पुन्हा खर्र... दोर कप्पीवरून सरकायचा आणि वाळ्याचा ओला पडदा हळूहळू खाली यायचा. सेनगावजवळच्या जुन्या दवाखान्यात माझी बायको नर्मदा हे काम करायची. पडद्यावर पाणी मारून तिचा पदर कायम ओला. ऊन बाळंतिणीच्या खाटेवर चढायच्या आत पडदा खाली. पण खालून वीतभर फट ठेवून. "अंधारात बाळंतीण घाबरती," म्हणायची. आमची रागिणी तान्ही असतानाच ती वारली.

त्याच जागी आता नवा दवाखाना उभा राहतोय. सावलीसाठी खिडक्यांवर बसवलेल्या पट्ट्या उन्हाप्रमाणे आपोआप खालीवर करायची योजना रागिणीने आखली आहे. गच्चीवर ऊन ओळखणारं यंत्र, खिडकीवर मोटर. मी दुपारी तिचा डबा घेऊन जायचो. "इंजिनिअर बाईंचे वडील काय?" असं कुणी विचारलं की मुद्दाम सावकाश "व्हय" म्हणायचो.

एकच खोड होती. बाळंतिणींच्या खोलीतली पट्टी पूर्ण मिटतच नव्हती. खाली वीतभर फट राहायची.

"उद्या तपासणीला साहेब येऊन राहिलेत, बाबा. ही मिटली न्हाई, तर सगळी योजना काढून साधे पडदे लावतो म्हणलेत."

नर्मदेच्या फटीचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

तिने मोटर सोडवली, मांडीवर घेतली, खिडकीखाली बसली. ऊन सरकत तिच्या तोंडावर आलं. आणि...

खर्र...

तिथं ना दोर होता, ना कप्पी. पट्टी खाली आली. लेकीच्या तोंडावर सावली पडली. खाली वीतभर फट. खोलीत ओल्या वाळ्याचा वास सुटला.

"बाबा... तुमी वढली?"

"न्हाई."

"मोटर तर... माझ्याजवळ हाय..."

"ऱ्हाऊ दे ती फट, लेकरा. तुझी माय अशीच ठेवायची."

त्याहून जास्त मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फटीकडे बोट दाखवलं. रागिणी शांतपणे म्हणाली, "ती राहू द्यायची आहे, सर. अंधारात बाळंतीण घाबरते."

हे शब्द तिला कोणी दिले?

"हा विचार आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता," साहेब म्हणाले. "अशीच ठेवा. योजना मंजूर."

मग त्यांची नजर दाराकडे गेली. तिथं ओल्या पदराची एक बाई उभी होती. "ह्या इथंच कामाला आहेत का?"

"व्हय," मी म्हणालो. "लई जुनी हाय."

तिने रागिणीकडे डोळे भरून पाहिलं. माझ्याकडे नाही. मग ओला पदर खांद्यावर घेतला आणि निघून गेली.