निनादचं नाव खोडलं तेव्हा

ठोंब्या रोबो माझा हात का धरत नाही? चंद्रावरच्या या वसाहतीत मी जन्मापासून राहते. माझा मामेभाऊ निनाद पृथ्वीवरून येऊन जेमतेम आठवडा झालाय. तरी ठोंब्या सारखा त्याचाच हात धरून फिरतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग मी एक स्क्रिप्ट (संगणकाला एका दमात द्यायच्या सूचना) लिहिली. ठोंब्याच्या मांडणी-फाइलमध्ये (त्याने कसं वागायचं त्याच्या नोंदी) ‘निनाद’ दिसेल ती ओळ खोड. झालं काम. ठोंब्याने येऊन चक्क माझा हात धरला. मी निनादला वाकुल्या दाखवल्या.

तेवढ्यात ठोंब्या त्याला म्हणाला, “या पाहुणे,” आणि त्याच्यापुढे गूळ-शेंगदाणे धरले. आमच्याकडे अनोळखी पाहुण्याला तेच देतात. पण शेंगदाण्याने निनादचा घसा सुजतो, श्वास अडकतो. ठोंब्या देतोय म्हणजे चालेलच, असं समजून त्याने न बघताच मूठ तोंडाजवळ नेली, तशी मी फटका मारून दाणे सांडवले.

“मीच त्याचं नाव खोडलं,” मी आजोबांना सांगितलं. ठोंब्या त्यांनीच बनवलाय.

ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी फाइल उघडली. “शाल्मली, हे कपाट समज. प्रत्येक माणसाचा एक खण. नावाची ओळ म्हणजे दोन खणांमधली फळी. तू फळी काढलीस, सामान तिथेच राहिलं. ‘शेंगदाणे नकोत’, ‘नवा आहे, हात धर’, सगळं त्याच्या लगेच वरच्या, म्हणजे तुझ्या खणात आलं. दोन सूचना उलट असल्या, की ठोंब्या खालची ऐकतो.”

“मग काढायचं कसं?”

“नुसता शब्द शोधायचा नाही, वाट सांगायची. आधी माणसं, मग कोणाचा खण, मग कोणती नोंद. तेवढीच उचलायची. तेही आधी फाइलच्या प्रतीवर करून बघायचं.” त्यांनी जुनी फाइल परत बसवली.

पण उलट सूचना कोणती? मी माझा खण वाचला. ‘हात धरू नकोस.’ गेल्या वर्षी, आता मी मोठी झाले म्हणून, मीच ठोंब्यावर खेकसले होते.

मी नवी स्क्रिप्ट लिहिली. माणसं, शाल्मली, ‘हात धरू नकोस’. प्रतीवर चालवली. निनादचा खण जसाच्या तसा होता. मग खऱ्या फाइलवर चालवली.

ठोंब्याने माझ्यापुढे हात केला. दुसरा हात निनादने धरलेलाच होता.

“त्याला दोन आहेत की,” निनाद म्हणाला.