गॅरेजच्या गच्चीवरचा फोड

फोड चिरायला गेलो होतो मी. दुसरं काही मनात नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. पिशवीत सुरी, थापी, मूठभर खडीची बारीक कच आणि फडक्यात बांधलेली भाकरी. एकोणीसशे एकोणसाठचा मे महिना. पनवेलला मुंबई-पुणे रस्त्याला लागून धर्मराजशेठचं मोटारींचं गॅरेज होतं, तिथून निरोप आला होता, ‘काशिराम मिस्त्रींना म्हणावं, तुम्ही घातलेल्या डांबराला फोड आलाय. येऊन बघा.’

माझ्या कामाला फोड! डोकंच फिरलं माझं. वीस वर्षं डांबरात गेलेली, नखं काळी ती काळीच. वाटेत एसटीत कंडक्टरशीसुद्धा भांडलो.

गॅरेज तसं नवलाचंच होतं. शेठची जागा चिंचोळी, म्हणून त्यानं दुमजली बांधलं. खाली भाताची पोती आणि वर गच्चीवर मालट्रका. बाजूनं चढाव काढलेला, त्यावरून गाड्या घुर्र करत वर जायच्या. लोक हसायचे, म्हणायचे, ‘ट्रका काय कबुतरं आहेत, गच्चीवर बसायला?’ पहिल्याच पावसात गच्ची गळली आणि खाली पोत्यांतल्या पोत्यांत भाताला मोड आले. तेव्हा मला बोलावलं. अठ्ठावन्नच्या मे महिन्यात मी तिथं डांबर घातलं. वाळू आणि चुन्याची पूड मिसळून कढवलेलं, बोटभर जाड, आणि चाकं घसरू नयेत म्हणून वर कच दाबलेली. त्या पावसाळ्यात खाली थेंब आला नाही. एक थेंब नाही!

तर मी पोचलो. साडेअकरा झाले असतील. चढावाच्या तोंडाशी राखणदार गणू खाटेवर बसला होता. जासईकडचा, माझ्याच बाजूचा माणूस. एरवी तोंड बंद नसायचं त्याचं. त्या दिवशी उठलासुद्धा नाही.

“जा वर,” म्हणाला. “मी नाय येत. दुपारचा मी वर जात नाय आता.”

“का रे? ट्रका चावतात काय?”

“ती येल आता. होळीपासून रोज येते. बाराच्या ठोक्याला.”

“कोण?”

“पारू,” गणू म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता तंबाखू मळत बसला.

आता थांबा. हे सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

डांबराचं काम पट्ट्यापट्ट्यानं करतात. एक पट्टा धरला की मधे थांबायचं नाही. थांबलात की डांबर निवतं, सांधा पडतो, आणि पाणी शिरतं ते सांध्यातूनच. खाली भट्टीवर पिंप उकळतंय, बायका चढावावर ओळीनं उभ्या, बादली या हातातून त्या हातात वर येते, मी ओततो आणि गडी फळीनं ओढतात. ओळीतली एक बाई हलली की सगळं अडलं. दुसरा नियम, ओल्यावर डांबर ओतायचं नाही. तळाशी ओल राहिली तर उन्हानं तिची वाफ होते आणि वर फोड येतो. गच्चीवर कोणी थुंकला तर मी त्याच्या सात पिढ्या काढत असे.

पारू कातकरी वाडीवरची. नवरा खालापूरकडं कोळशाच्या भट्टीवर गेलेला. पोर चार महिन्यांचं, चांगो नाव. त्याला पाटीत घालून आणायची आणि गच्चीच्या कठड्याच्या सावलीत ठेवायची. त्या दिवशी ती ओळीत शेवटची, माझ्या अगदी जवळ होती. शेवटून दुसरा पट्टा चालला होता. पोर रडायला लागलं.

“मुकादम, पाजून येते.”

“पट्टा संपू दे.”

थोड्या वेळानं परत. “मुकादम, लय रडतंय. ही आलेच.”

“अगं, पट्टा संपू दे म्हटलं ना! काय मरतंय का ते?”

हे माझ्या तोंडचे शब्द. माझ्याच. तिसऱ्यांदा ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिची चोळी भिजली होती. पोराच्या रडण्यानं पान्हा फुटला होता आणि दुधाचे थेंब टपटप खाली गच्चीवर पडत होते, माझ्या पायाशी. मी बघितले. ओल्यावर ओतायचं नाही हे मलाच ठाऊक, बाकीच्यांना मीच शिकवलेलं. ‘पूस ते’ एवढंही मी म्हटलं नाही. बादली घेतली आणि ओतलं. चर्र झालं. आणि तेवढ्यात तिकडं पोराचं रडणं थांबलं. मला वाटलं, बरं झालं, निजलं.

मे महिन्यात भर बाराला कठड्याला सावली नसते हो. सूर्य डोक्यावर असतो. हे मला कळायला हवं होतं. कळायला हवं होतं काय, कळत होतं! पट्टा संपला, पारू धावत गेली आणि पाटीशी खाली बसली. ओरडली नाही. पोराला पदराखाली घेऊन पाजायला लागली. आम्ही सगळे उभे. बराच वेळ ती पाजत होती. शेवटी एका म्हातारीनं जाऊन तिच्या मांडीवरून त्याला उचललं.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. वाडीमागं पुरलं त्याला. दुसऱ्या दिवशी मी उरलेला पट्टा घातला आणि काम पुरं केलं. माणूस किती कोडगा असतो बघा.

तर असा मी वर्षानं त्या चढावावरून वर चाललो होतो. वर एकही ट्रक नव्हती, सगळ्या मालाला गेलेल्या. ऊन असं की डोळा उघडवत नव्हता. तापल्या डांबराचा वास, ज्यावर मी जन्म काढला तो, त्या दिवशी मला सोसेना. आणि फोड होता. शेवटून दुसऱ्या पट्ट्यात. जागा मी ओळखली, ओळखणारच.

दीड हात लांब, वीतभर रुंद. एका टोकाला वाटोळा, मधे जरा फुगीर, दुसरीकडं निमुळता. मी सुरी काढली. फोडाला इलाज एकच, फुली मारून चिरायचा, वाफ सोडायची, आत वाळवायचं आणि ठिगळ मारायचं. गुडघ्यावर बसलो. डावा हात फोडावर ठेवला, आणि तो हलला.

उन्हानं फोड फुगतो, सावकाश. हा तसा नव्हता. वर यायचा, खाली जायचा... वर यायचा, खाली जायचा. मी हात काढून घेतला. माझ्या कपाळावरचा घाम टपकन त्यावर पडला, तसा तो आकसला. निजलेल्या पोराच्या गालावर पाणी पडलं तर पोर जसं चेहरा आकसतं, अगदी तसा.

“चिरू नको, मुकादम.”

पारू मागं उभी होती. केव्हा आली, कळलं नाही. वाळून काटकी झालेली. पण चोळी भिजलेली होती... वर्ष उलटून गेलं तरी.

“आत्ता उठल तो,” ती म्हणाली. “बाराला उठतो. भूक लागते.”

ती त्या फोडाच्या कुशीला आडवी झाली, तव्यासारख्या तापलेल्या कचेवर उघड्या दंडानं. त्याच्यावर एक हात टाकला आणि डोळे मिटले. मी सुरी हातात धरून उभा. आणि मला आवाज ऐकू आला. खोटं सांगत असेन तर जीभ झडो. चुटूक... चुटूक... चुटूक... पोर अंगावर पिताना येतो तो आवाज. डांबराच्या खालून.

घटकाभरानं थांबला. फोड हळूहळू खाली बसला आणि गच्ची सपाट झाली. पारू उठली, चोळी सारखी केली आणि चढाव उतरून गेली. चोळी आता कोरडी होती.

मी शेठला जाऊन सांगितलं, “चिरला तर पाणी शिरेल. भोवती विटा लावा, चाक जाऊ देऊ नका.” शेठ म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही म्हणता म्हणून.” पहिल्यांदाच कामाच्या बाबतीत खोटं बोललो मी. घरी आलो, बायकोला म्हटलं जेवायचं नाही, आणि भिंतीकडं तोंड करून रडलो. बायकोनं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

साठ साली मी न बोलावता गेलो. फोड पावणेदोन हात झाला होता. एकसष्टला दोन हातांच्या वर. वाढत होता हो तो! पोरं वाढतात तसा. निमुळत्या टोकाला आता दोन फाटे दिसायला लागले होते, पायांसारखे. पारू यायची, पण आता ती नुसती पाजायला नसायची. कुशीवर पडून त्याच्याशी बोलायची. वाडीवर कोणाचं लगीन झालं, कोंबडी कुठं अंडी घालते, नदीला खेकडे किती. मी दुरून ऐकायचो. पुढं जायची छाती झाली नाही.

त्याच वर्षी शेठचा निरोप आला. मोठ्या, दहा चाकी गाड्या घेतल्या होत्या. जुनं डांबर सगळं खरवडून नवं जाड घालायचं, पावसाआधी. काम मलाच. नाही म्हटलं असतं तर दुसरा आला असता, आणि त्यानं त्या फोडावर सरळ पहार घातली असती. मी हो म्हटलं. म्हटलं, निदान तिला आधी सांगता तरी येईल.

खरवडायच्या आदल्या दिवशी बाराच्या आधीच वर जाऊन बसलो. पारू आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

“पारू... उद्या हे सगळं काढायचंय. सगळे पट्टे.”

ती उभी राहिली.

“मी चुकलो गं. तेव्हा तुला सोडायला हवं होतं. तीन वर्षं झाली, मला झोप नाही. मला शिव्या घाल, चपलेनं मार. पण काहीतरी बोल.”

ती विटांच्या आत जाऊन बसली आणि फोडावरून हात फिरवायला लागली, डोक्याकडून पायाकडं. मग वाकून त्याच्या वाटोळ्या टोकाशी तोंड नेलं. “ऊठ रं,” म्हणाली. “घरी जाऊ. आता चालता येतं तुला.”

मी बघत होतो. पापणी लवली असेल, तेवढीच. फोड नव्हता. चिरला नव्हता, फुटला नव्हता, कचेचा दाणा हललेला नव्हता. विटांच्या चौकोनात सपाट काळं डांबर, आणि पारू उठून उभी राहत होती. तिचा उजवा हात खाली, जरा बाहेर धरलेला. बोटं मिटलेली, पण सैल. लहान पोराचा हात धरल्यावर असतात तशी.

ती चालायला लागली. एक पाऊल टाकायची आणि थांबायची. एक पाऊल, आणि थांबायची. मी चढावाच्या डोक्याशीच होतो, वाट माझ्या अंगावरूनच जात होती. अंग चोरून उभा राहिलो. जवळ आल्यावर ती त्या रिकाम्या जागेकडं वाकली आणि हळूच म्हणाली,

“त्याच्याकडं नको बगू.”

बस्स, एवढंच. मला कोणी भोसकलं असतं तरी चाललं असतं. ती मला ओलांडून चढाव उतरायला लागली. मला एकदम रडू फुटलं, आणि त्याबरोबर मोकळंही वाटलं. म्हटलं, नेलं तिनं. सुटलं पोर.

ती निम्म्या चढावावर गेली असेल. तिथं थांबली. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. बोटं उघडली होती. गर्रकन वळून तिनं वर बघितलं, माझ्या तोंडाकडं नाही, खाली, माझ्या गुडघ्याच्या पातळीला.

“ये ना रं... चांगो... ये ना...”

हाक मारत होती ती, दोन्ही हात पुढं करून, रडत. मला तिच्याकडं जायचं होतं, तिला धरून आणायचं होतं, पण पाऊल उचलवेना. खाली, माझ्या धोतराचा सोगा कोणीतरी घट्ट धरून ठेवला होता.